गुंडाळीतील नाणेशोध

बँकेतून दर्शनी मूल्याला घेतलेल्या किंवा जुन्या साठ्यातून आलेल्या नाण्यांच्या गुंडाळ्या उकलून त्यांतील संग्रहयोग्य नाणी वेचण्याची नाणेसंग्राहकांतील प्रथा. ती प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ असून तेथील एक सेंटच्या, म्हणजे बोलीतील ‘पेनी’च्या, नाण्याशी विशेष निगडित आहे. कागदी गुंडाळीत (रोल) ५० सेंट असतात आणि बँकेच्या पेटीत अशा ५० गुंडाळ्या. म्हणजे २५ डॉलरमध्ये २,५०० नाणी हाताखालून जातात. निरुपयोगी नाणी पुन्हा बँकेत भरता येत असल्याने खर्ची पडतो तो मुख्यतः वेळ.

प्रथेचा आरंभ सामान्यतः १९३० च्या दशकात मानला जातो. १९३४ च्या सुमारास विस्कॉन्सिनमधील जे. के. पोस्ट यांनी साल व टाकसाळचिन्ह (नाणे कोणत्या टाकसाळीत पाडले ते दाखवणारे अक्षर) यांनुसार नाणी बसवण्यासाठी भोके पाडलेला पुठ्ठ्याचा फलक तयार केला आणि व्हिटमन या प्रकाशनसंस्थेने पुढे त्याचा प्रसार केला. मंदीच्या काळातील हा स्वस्त छंद चलनातल्या नाण्यांवरच पोसला गेला. काही अभ्यासक मात्र प्रथेचे मूळ ऑगस्टस हीटन यांच्या टाकसाळचिन्हांवरील १८९३ च्या पुस्तिकेपर्यंत मागे नेतात. परंतु फिलाडेल्फिया येथील मुख्य टाकसाळीबाहेर सेंट प्रथम पाडले गेले ते १९०८ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोला. त्यामुळे सेंटपुरता हीटन यांचा प्रभाव अप्रत्यक्ष मानणेच अधिक सयुक्तिक दिसते.

शोधाचा मुख्य विषय म्हणजे शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांनी घडवलेला, १९०९ ते १९५८ या काळातील लिंकन सेंट. त्याच्या मागील बाजूवर गव्हाच्या दोन ओंब्या आहेत. दुर्मीळ सालांचे महत्त्व सर्वपरिचित आहे (उदा., ब्रेनर यांची आद्याक्षरे असलेला १९०९ चा सॅन फ्रान्सिस्को सेंट केवळ ४,८४,००० पाडला गेला). मात्र सामान्य सालाचे नाणेही छाप अत्यंत ठसठशीत असेल तर मोलाचे ठरते. ठसठशीतपणा आणि झीज यांची गल्लत नवख्यांकडून नेहमी होते. झिजलेल्या नाण्यावर लिंकनचे गालाचे हाड, जबडा असे उंचवटे प्रथम सपाट होतात व तेथील मूळ चकाकी तुटते. उलट छापच कमकुवत असेल, तर दाढीचे केस आणि ओंब्यांच्या रेषा मुळातच उमटलेल्या नसतात आणि तरीही त्या जागी चकाकी शाबूत असू शकते. लिंकनचा खांदा नाणे पाडणाऱ्या साच्याच्या ज्या खोलगट भागात घडतो तेथे धातू अधिक लागतो, म्हणून त्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूस असलेल्या ‘वन’ या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर अनेक नाण्यांवर फिके आढळते.

छाप बोथट होण्याच्या कारणांविषयी एकमत नाही. एका मतानुसार दोष मूळ ठशाचा (ज्यावरून साचे घडवले जातात त्याचा) आहे: १९१६ मध्ये तो नव्याने कोरला गेल्यावर तपशील स्पष्ट झाले आणि पुढील वर्षांत वापराने पुन्हा मंदावले. दुसऱ्या मतानुसार दोष साच्यांच्या अतिवापराचा व कमी दाबाचा आहे. सर्व टाकसाळींचे साचे फिलाडेल्फियातच तयार होत. असे असता १९२० च्या दशकातील डेन्व्हर व सॅन फ्रान्सिस्को येथील सेंट त्याच सालांतील फिलाडेल्फियाच्या सेंटपेक्षा बहुधा अधिक मवाळ उमटले आहेत, ही गोष्ट केवळ मूळ ठशाकडे बोट दाखवून उलगडत नाही. १९२२ चे उदाहरण याच वादात पुढे येते. त्या वर्षी सेंट फक्त डेन्व्हरला पाडले गेले, तरी काही नाण्यांवर टाकसाळचिन्ह दिसत नाही. त्यांतील एकाच साच्याजोडीत चिन्ह घासून खरोखर नाहीसे झाले, असे आता बहुतेक तज्ज्ञ मानतात. इतर जोड्यांत ते तेलकट मळाने भरले गेले असावे. मानाची ठरते ती चिन्ह खरोखर नाहीसे झालेली जोडीच, आणि तिची ओळख म्हणजे पुसट दर्शनी बाजूमागे असलेली, नव्या साच्याने उमटलेली ठसठशीत मागील बाजू.

दर्जा विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या १ ते ७० च्या श्रेणीत सांगतात. मर्क्युरी डाइमसाठी (दहा सेंटच्या एका जुन्या नाण्यासाठी) मागील बाजूवरील पट्ट्यांच्या स्पष्टतेची जशी स्वतंत्र नोंद होते तशी लिंकन सेंटसाठी होत नाही. त्यामुळे छापेचा निवाडा बराचसा पाहणाऱ्याच्या नजरेवर राहतो.

‘न शोधलेली’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जुन्या गुंडाळ्यांबाबत सावधगिरी आवश्यक आहे. टोकाला मुद्दाम चांगले नाणे ठेवून बाकी वेचलेला माल भरणे ही परिचित लबाडी आहे. १९८२ मध्ये ताम्रप्रधान सेंटची जागा तांब्याचा मुलामा दिलेल्या जस्ताने घेतली आणि वजन ३.११ ग्रॅमवरून २.५ ग्रॅमवर आले. त्यामुळे जुनी नाणी वजनावरून वेगळी काढता येतात. ती वितळवण्यास मात्र २००६ च्या अखेरीपासून मनाई आहे.