गादी, उशी आणि दमा: आमच्या ग्राहकांसाठी

खोळ शिवायला येणारे बरेच जण काउंटरवर सांगतात, "डॉक्टर म्हणतात धुळीची अ‍ॅलर्जी आहे, पण आमच्या घरात धूळ नाहीच हो!" फरशी दोनदा पुसलेली असते, हे आम्हालाही पटतं. पण ही धूळ फरशीवरची नाही, अंथरुणातली आहे.

गादी-उशीत धूळकिडे राहतात. आकार जेमतेम 0.3 मिलिमीटर, त्यामुळे दिसत नाहीत. ढेकणांसारखे चावतही नाहीत. आपल्या अंगावरून गळणारी कातडी खातात. त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेचा. ती श्वासातून आत गेली की शिंका, डोळ्यांना खाज आणि दमेकऱ्याला धाप. त्यांना पाणी प्यावं लागत नाही, हवेतली ओल पुरते. म्हणून पुण्यात पावसाळाभर त्यांचं फावतं, त्यातही पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या ओल आलेल्या खोल्यांत जास्तच.

खरी गंमत दिवाळीनंतर होते. थंडी पडली की माळ्यावरच्या गोधड्या खाली येतात आणि रात्री थेट अंगावर. वर्षभराची धूळ, त्यात डांबराच्या गोळ्यांचा वास. पहाटे घरात कोणीतरी पंप शोधत असतं. तेव्हा गोधडी आधी धुवा, निदान दोन दिवस कडक उन्हात उलटून-पालटून वाळवा. उन्हाने किडे कोरडे पडून मरतात, पण विष्ठा तिथेच राहते, म्हणून नंतर झटकायलाच हवी. झटकायची गच्चीवर, आणि दमा नसलेल्याने.

चादरी आणि अभ्रे आठवड्याला एकदा, 60 अंशांच्या पाण्यात. कोमट पाण्याने डाग जातात, किडे जात नाहीत. मशीनला गरम पाण्याची सोय नसेल तर गॅसवर तापवलेलं पाणी बादलीत ओतून चादर भिजत घाला. रंग जाईल म्हणून जीव तुटत असेल तर पांढरी चादर वापरा.

आता आमच्या धंद्याचं. घट्ट विणीची, चारी बाजूंनी बंद, चेनची खोळ गादीलाही हवी आणि उशीलाही. पण खोळ घातली म्हणजे दमा गेला, असं आम्ही सांगणार नाही. नुसत्या खोळीने मोठ्या माणसांच्या दम्यात फारसा फरक पडत नाही, हे तपासून झालेलं आहे. धुणं, ओल काढणं आणि डॉक्टरांचं औषध यांच्या जोडीला ती हवी. बरं वाटतंय म्हणून पंप मनाने बंद करू नका.

बाकी थोडक्यात. एका मच्छर कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, त्यापेक्षा मच्छरदाणी बरी. झाडण्याआधी ओलं फडकं फिरवा, पंख्याची पातीसुद्धा पुसा. गॅलरीत कबुतरं असतील तर तिथे गादी वाळत घालू नका. सोसायटीच्या कडेला गाजर गवत माजलं असेल तर फुलायच्या आत काढून घ्या, फक्त हातमोजे घालून.

कापूस पिंजायला देणार असाल तर दमेकऱ्याला दुकानात पाठवू नका. पिंजताना इथे इतकी रुई उडते की आम्हीच तोंडाला फडकं बांधून बसतो. खोळीसाठी लांबी-रुंदीबरोबर गादीची जाडीही इंचात मोजून आणा. ती मोजायची राहते, मग खोळ चढत नाही आणि तुम्हाला पुन्हा हेलपाटा पडतो.