बुरकुंडाचं पेन आणि पितळेचा हट्ट

जुलैच्या पावसात डोंबिवलीत कातलेलं माझं सागवानी पेन पुढच्या मे महिन्यात एका लग्नासाठी नागपूरला आलं आणि खिशातल्या खिशात तडकलं. भेग अगदी उभी, पट्टीने आखल्यासारखी. लग्नाचं जेवण बाजूला राहिलं आणि मी भेग आडवी का नाही, याचा विचार करत बसलो.

लाकडी पेन म्हणजे खरं तर पितळेची नळी आणि तिच्यावर लाकडाचं पातळ पांघरूण. लाकडाच्या तुकड्याला भोक पाडायचं, त्यात सात मिलिमीटरची नळी चिकटवायची आणि मग लेथवर चढवून बाहेरून कातायचं. शेवटी नळीभोवती लाकूड उरतं ते काही ठिकाणी जेमतेम मिलिमीटरभर.

लाकूड हवेतला दमटपणा पितं आणि कोरड्या हवेत तो सोडतं. सोडताना आकसतं, पण सगळीकडून सारखं नाही. धाग्याच्या दिशेने, म्हणजे लांबीला, जवळजवळ नाहीच. आडवं मात्र चांगलंच. आता हिशोब करा. सात मिलिमीटरच्या नळीचा घेर बावीस मिलिमीटर. त्याच्याभोवतीचं लाकूड एक टक्का जरी आकसलं तरी घेराला ०.२२ मिलिमीटर कमी पडतं. कागदाच्या दोन पानांएवढं, बस्स. पण पितळ तसूभरही मागे हटत नाही, आणि लाकडाचे धागे एकमेकांपासून सोडवणं सोपं असतं. म्हणून ते उभं फाटतं. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात तेव्हा तापवलेलं लोखंड थंड होताना आकसतं आणि लाकडाला आवळतं. इथे आवळणारं लाकूडच, आणि हरणारंही तेच.

मग लोक मक्याच्या बुरकुंडाची पेनं कशी करतात? दाणे काढलेलं कणीस म्हणजे भुसभुशीत स्पंज. तसंच लेथवर लावलं तर पटाशी टेकताच भुगा. त्याला आधी आतून घट्ट करावं लागतं, आणि हा भाग मला कातण्यापेक्षाही आवडतो.

बुरकुंड पातळ रेझिनमध्ये, म्हणजे तापवल्यावर कडक होणाऱ्या द्रवात, बुडवून, वर वजन ठेवून, बरणीतली हवा पंपाने ओढून घ्यायची. छिद्रांत अडकलेली हवा सोड्यासारखी फसफसून बाहेर येते. तासन्‌तास. बुडबुडे थांबले की पंप बंद करून बरणीत पुन्हा हवा सोडायची. खरं काम आता होतं. रेझिन आत ‘ओढलं’ जातं असं आपण म्हणतो, पण त्याला ढकलतं ते बाहेरचं वातावरण, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोच्या दाबाने. तसंच भिजू द्यायचं आणि मग नव्वदेक अंशांवर भट्टीत तापवायचं, की रेझिन आतल्या आत दगड होतं.

एक फसगत मात्र ठरलेली. बुरकुंड आधी भट्टीत पूर्ण सुकवलं नसेल तर बुडबुडे थांबतच नाहीत. हवा कधीच संपलेली असते. निर्वातात पाणी खोलीच्या तापमानालाच उकळत असतं.

कातताना वेगाचं भान लागतं. बारा मिलिमीटरचं पेन मिनिटाला तीन हजार फेरे फिरलं तरी त्याचा पृष्ठभाग ताशी जेमतेम सात किलोमीटरने सरकतो, भरभर चालणाऱ्या माणसाइतका. त्याच फेऱ्यांवर फूटभर व्यासाचा वाडगा लावला तर त्याची कड ताशी १७० किलोमीटर गाठेल. तसलं धाडस करू नये.

दुधापासूनही पेनं झाली. दुधातलं केसिन फॉर्मल्डिहाइडने कडक करून बनवलेल्या रंगीत कांड्यांतून इंग्लंडच्या कॉनवे स्टुअर्ट कंपनीने सुंदर पेनं काढली. पण तिथेही वैरी पाणीच. जुनं केसिन पेन साफ करायला रात्रभर पाण्यात ठेवलं तर सकाळी फुगून वाकडं झालेलं सापडतं.

या सगळ्या भांडणातून सुटलंय ते एबोनाइट. रबरात भरपूर गंधक घालून शिजवलेला हा काळा, टणक पदार्थ पाणी जवळजवळ पीतच नाही. स्वदेशीच्या काळापासून राजमहेंद्रीच्या रत्नमची पेनं याचीच. एबोनाइटमध्ये आटे थेट कापता येतात, त्यामुळे पितळी नळीच लागत नाही, आणि नळी नाही तर हट्ट कुणी करायचा? उन्हात ठेवलं तर मात्र काळ्याचं तपकिरी होतं. आणि कातताना गंधकाचा असा वास सुटतो की घरचे बाल्कनीचं दार आतून लावून घेतात.