बोक्याच्या मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेनंतर

बोक्याचा मूत्रमार्ग मूत्राशयाजवळ बऱ्यापैकी रुंद असतो, पण लिंगाच्या टोकाकडे त्याची रुंदी जेमतेम पाऊण मिलिमीटर उरते. खड्यांचा चुरा किंवा चिकट स्रावाची गुठळी बहुधा तिथेच अडकते आणि लघवी तुंबते. असे वारंवार घडू लागले की पशुवैद्य पेरिनिअल युरेथ्रोस्टॉमी ही शस्त्रक्रिया सुचवतात. तीत अरुंद भाग काढून टाकून मागचा रुंद भाग गुदद्वाराखाली त्वचेला जोडला जातो. यामुळे पुन्हा लघवी तुंबण्याचा धोका पुष्कळ घटतो, परंतु ज्या आजारामुळे ती तुंबत होती तो आजार मूत्राशयातच राहतो, आणि टाके निघाल्यावर घरच्यांना नेमका याचाच विसर पडतो.

तरुण आणि मध्यमवयीन मांजरांच्या लघवीच्या तक्रारींत निम्म्याहून अधिक वेळा खडे किंवा जंतू सापडत नाहीत. मूत्राशयाच्या आतील अस्तराला सूज असते आणि ताण आला की ती उसळते. नवे मांजर, घराची रंगरंगोटी, दिवाळीचे फटाके अशी कारणे आपल्याला किरकोळ वाटतात, पण अशा बोक्याला ती पुरेशी असतात. फटाक्यांच्या दिवसांत त्याला आतल्या शांत खोलीत पाणी, लिटर बॉक्स (शी-शूसाठी लिटर म्हणजे वाळूसारखे दाणे भरलेली पेटी) आणि लपायला जागा द्यावी. एरवीही घरात मांजरांच्या संख्येपेक्षा एक लिटर बॉक्स जास्त असावा.

सर्वांत मोठा फरक पडतो तो पाण्याने. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, त्यामुळे त्याला तहान कमी लागते आणि त्याची लघवी दाट असते. कोरड्या खाद्यात पाणी सुमारे 10 टक्के असते, तर पाऊचमधल्या ओल्या खाद्यात 75 टक्क्यांहून अधिक. नाशिकच्या थंडीत पारा 10 अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा दिवसभर पांघरुणात बसलेले मांजर पाण्याच्या भांड्याकडे फिरकत नाही. अशा वेळी ओल्या खाद्यातच थोडे कोमट पाणी मिसळून देणे सोपे जाते. चिकनचे पाणीही चालते, मात्र त्यात मीठ नसावे आणि कांदा-लसूण तर मुळीच नसावा, कारण त्याने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. कांद्याच्या या जिल्ह्यात, जिथे बहुतेक रश्शांची सुरुवातच कांद्याने होते, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवणे आवश्यक आहे. खडे निघाले असतील तर ते तपासून घ्यावेत: स्ट्रुव्हाइटचे खडे विशेष आहाराने विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत, म्हणून दोन्हींचा आहार ठरवण्याची रीत वेगळी असते.

जंतुसंसर्गाचा धोका मात्र शस्त्रक्रियेनंतर वाढतो, कारण जंतूंना वर चढू न देणारा लांब, अरुंद मार्ग आता उरलेला नसतो. यासाठी ठरावीक काळाने लघवीची तपासणी करावी. नमुना पोटातून सुईने थेट मूत्राशयातून घेतलेला असेल तरच कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, निष्कर्ष भरवशाचा ठरतो. मागच्या वेळी उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या स्वतःहून देऊ नयेत. त्याने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. त्रास काहीच नसताना केवळ जंतू दिसले, तर बहुतेकदा औषधाची गरजही नसते.

जखम भरताना नवे छिद्र आकसणे हीदेखील एक गुंतागुंत आहे. धार बारीक होणे, वारंवार लिटर बॉक्समध्ये जाऊन कुंथणे, ती जागा सतत चाटणे ही तिची लक्षणे असून अनेक जण तिला बद्धकोष्ठ समजतात. लघवी पूर्ण बंद झाल्यास रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. अशा वेळी पोट दाबू नये, पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नये, कारण ते मांजरांना प्राणघातक आहे. लिटरमध्ये लघवीने बनलेली ढेकळे रोज किती आणि केवढी, याची नोंद ठेवलेली असली की शेवटची लघवी केव्हा झाली हे डॉक्टरांना लगेच सांगता येते आणि रात्रीच निघायचे की सकाळपर्यंत थांबायचे याचा निर्णय तेच करू शकतात.