नोटीस काढली की बजावली? येऊरच्या पायथ्याच्या उच्चभ्रू वस्तीची पार्श्वभूमी

जीबी रोडवरचा, म्हणजे ठाण्यातल्याच घोडबंदर रस्त्यावरचा माणूस स्टेशनकडे निघाला की 'जरा ठाण्याला जाऊन येतो' म्हणतो. स्टेशनजवळच्या जुन्या ठाण्यातल्या नौपाडेकरांना याची अजून गंमत वाटते. घोडबंदरचा किल्ला आणि १७३७ ची वसई मोहीम या रस्त्याच्या कहाणीत हमखास येतात, पण आजच्या टॉवरांशी त्यांचा संबंध नावापुरताच. खरी सुरुवात कारखान्यांपासून होते.

पोखरण रस्त्यालगतची लोकरीची गिरणी १९२५ ची. वागळे इस्टेट साठच्या दशकातली. त्यांच्या आगेमागे औषधांचे, रंगांचे, यंत्रांचे कारखाने आले आणि प्रत्येकाने गरजेपेक्षा कितीतरी जास्त जागा घेरली. शहरात मोकळी जमीन किती ठेवता येईल याची मर्यादा घालणाऱ्या १९७६ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने या जागा गोठवल्या. तो कायदा राज्यात २००७ च्या नोव्हेंबरअखेर गेला, पण कारखाने बंद पडून त्यांच्या कुंपणांवर बिल्डरांच्या पाट्या लागायला त्याआधीच सुरुवात झाली होती. नव्वदच्या दशकात इथे घर घेणाऱ्याला नातेवाईक विचारायचे, 'एवढ्या लांब?' त्यावर ठरलेलं उत्तर असायचं: हवा चांगली आहे, समोर डोंगर आहे.

तो डोंगर म्हणजे येऊर, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. डोंगर दिसणाऱ्या फ्लॅटला 'फॉरेस्ट फेसिंग' म्हणतात आणि त्याचे चौरस फुटामागे वेगळे पैसे पडतात. सकाळी बाल्कनीत माकडं येतात. बिबट्या दिसल्याची सूचना लिफ्टमध्ये लागते आणि दोन दिवसांनी तिच्यावरच योगवर्गाचा कागद चिकटवलेला असतो. एवढं सगळं ठीक होतं. पण २००६ च्या सुमारास अनेकांना कळलं की जंगल नुसतं समोर नाही, कागदोपत्री ते आपल्या पार्किंगखालीही आहे. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत दोन शब्द चढले होते: 'खासगी वन'.

हा शब्द फसवा आहे. त्यातलं 'खासगी' ३० ऑगस्ट १९७५ लाच संपलं. त्या दिवशी अमलात आलेल्या कायद्याने राज्यातली सगळी खासगी वनं सरकारजमा झाली. मग वन कोणतं? व्याख्येत झाडांच्या जमिनी होत्याच, शिवाय १९२७ च्या वन कायद्याच्या कलम ३५(३) खाली जिच्याबद्दल नोटीस निघाली होती अशी जमीनही होती. आता ही नोटीस म्हणजे 'तुमच्या जागेत वृक्षतोडीवर निर्बंध का घालू नयेत' असा खुलासा मागणारा कागद. पन्नाशीच्या दशकात अशा नोटिशी राजपत्रात छापल्या गेल्या. पुढे बऱ्याच ठिकाणी सुनावणी नाही, आदेश नाही, काहीच नाही. मधल्या काळात याच जागांना बिनशेती परवानगी मिळाली, नकाशे मंजूर झाले, मुद्रांक शुल्क घेतलं गेलं, लोक राहायला आले.

सगळा वाद एका क्रियापदावर आला: नोटीस नुसती 'काढली' तरी पुरे, की ती मालकावर 'बजावली' पाहिजे? मार्च २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. काढली म्हणजे झालं. ठाण्यापासून मुलुंड, भांडुप, कांदिवलीपर्यंत सोसायट्यांना घाम फुटला. बँका कर्ज देईनात, ठरलेले व्यवहार टोकन परत करून मोडले. पर्यावरणवाद्यांचं म्हणणं होतं की डोंगरउतार वाचवायचे तर हाच मार्ग उरला आहे. डोंगराबद्दल ते बरोबरच होते. पण पन्नास वर्षं धूळ खात पडलेल्या कागदाची किंमत फ्लॅटवाल्याने का मोजायची, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. ३० जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. नोटीस बजावलेली हवी आणि १९७५ मध्ये ती जिवंत असायला हवी, वर्षानुवर्षं पडून राहिलेली नको.

निकाल आला, सातबाऱ्यावरच्या नोंदीचे फेरफार मात्र आपल्या गतीने. आमच्या सोसायटीच्या कार्यालयात त्या निकालाची झेरॉक्स फाइलला लावलेली आहे. घर विकणारा अजूनही तिची प्रत घेऊन जातो, कारण समोरच्याचा वकील हमखास विचारतो.

नंतरची भांडणं रस्त्याची आणि पाण्याची. उन्हाळ्यात पोडियमवरचा पोहण्याचा तलाव भरलेला असतो आणि गेटवर टँकरची रांग. कासारवडवलीपर्यंतच्या मेट्रोच्या कामाने रस्ता वर्षानुवर्षं चिंचोळा करून ठेवला. त्यात सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिसळायचा निर्णय आला. सोसायटीचं फाटक थेट महामार्गावर उघडणार म्हटल्यावर, एरवी लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघणारे लोक फलक घेऊन रस्त्यावर उतरले. बोरिवलीला जाणारा ११.८ किलोमीटरचा रस्ता डोंगराखालून येतोय, त्यातला १०.२५ किलोमीटर बोगदा. बोगद्याच्या ठाण्याकडच्या तोंडाशी असलेल्या मुल्लाबागेच्या रहिवाशांनी त्याला विरोध केला. बाकीचे बोरिवलीला किती मिनिटांत पोचू, याचा हिशेब करत बसले.

येऊरच्या पाड्यांवरच्या बायका या सगळ्याच्या आधीपासून इथे आहेत. त्यांच्यातली एक आमच्या मजल्यावर पोळ्या करायला येते. तिला गेटवर रोज मोबाइलवरून परवानगी द्यावी लागते.