जेटबोटीच्या इंजिनाला पाणी किती पाजायचं?

मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ वर गेला की गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास ऐकू येतो, "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापायची नाही." थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत थंड करणारं पाणी अडवून धरणारी झडप. असाच काढून टाकलेला एक थर्मोस्टॅट मी घरी आणला, दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडला आणि गॅस पेटवला. सत्तर अंश, पंचाहत्तर अंश, काहीच हालचाल नाही. ऐंशी ओलांडले आणि पितळी चकती केसभर सरकली. बघता बघता करंगळीच्या नखाएवढी फट पडली. आत मेण असतं. ते वितळताना फुगतं आणि दांडा ढकलतं. गॅस बंद केल्यावर फट सावकाश मिटली. वीज नाही, तारा नाहीत, तरी किती नेमकं काम!

जेटबोटीत या भागाची किंमत जास्त कळते. न्यूझीलंडच्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठी बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात ही बोट घडवली. बोटीच्या तळातून पाणी ओढायचं आणि मागच्या तोंडातून जोरात फेकायचं. बाहेर पंखा नाही, त्यामुळे तळाला आदळून मोडायची भीतीही नाही. उन्हाळ्यात उजनीचा फुगवटा ओसरतो, काठाला गुडघाभर पाणी आणि खाली गाळ उरतो, तिथे अशी बोट किती सोयीची ठरेल हे सहज लक्षात येतं.

या बोटीला रेडिएटर लागत नाही, अख्खा जलाशयच तिचा रेडिएटर. जेटच्या पंपालाच एक नळी जोडून इंजिनासाठी पाणी घेतात. पेट्रोल इंजिनात इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा कामी येते, जवळपास तेवढीच थंड करणाऱ्या पाण्यात जाते. १५० किलोवॉटचं इंजिन पूर्ण जोरात असेल आणि पाणी ३० अंशांनी तापू द्यायचं असेल, तर मिनिटाला सुमारे ७० लिटर पाणी लागतं. बारा लिटरच्या सहा घागरी!

पाणी मिळणं अवघड नाही. अवघड आहे ते आवरणं. पंपाचा दाब त्याच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हजार फेऱ्यांवरून चार हजारांवर गेलात की दाब सोळापट. गाडीच्या रेडिएटरचं झाकण साधारण एक बारच्या (म्हणजे जवळपास हवेच्या दाबाएवढ्या जादा दाबाच्या) आसपास उघडतं आणि इंजिनाचे गॅस्केट, म्हणजे सांध्यांतून गळती रोखणारे पातळ थर, त्याच हिशेबाने बनवलेले असतात. पंपाचा दाब थेट आत सोडला तर गॅस्केट फुटून पाणी ऑइलमध्ये जाऊ शकतं. म्हणून नळीवर व्हॉल्व्ह बसवून प्रवाह आवळायचा आणि बाहेर जाणारी नळी आत येणाऱ्या नळीपेक्षा मोठी ठेवायची. थर्मोस्टॅट मिटलेला असताना पाणी कुठे जाणार, हेही आधी ठरवायचं. त्याला बाहेर पडायला बायपासची वाट हवीच.

नळ्यांचा क्रम मला फार आवडतो. गार पाणी आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या, भोवतालच्या पोकळीत जातं. तिथे ते कोमट होतं, मग ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या मुख्य धडात), मग हेडमध्ये (त्यावरच्या झाकणात), आणि सगळ्यात वरून थर्मोस्टॅटमार्गे बाहेर. खालून आत, वरून बाहेर. नाहीतर वरच्या कोपऱ्यात हवा अडकते, तिथे पाणी पोचत नाही आणि नेमका तोच भाग भाजतो.

आणि थर्मोस्टॅट काढला तर? इंजिन गारच राहतं. पेट्रोल नीट पेटत नाही, ज्वलनातली वाफ ऑइलमध्ये साचते, ऑइल दुधाळ होतं, झीज वाढते. इंजिन तापण्याइतकंच हे वाईट आहे, आणि ते आवाजात कळतही नाही. थेट जलाशयाचं पाणी फिरवायचं असेल तर बोटीत सहसा ६० ते ७० अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट घालतात, कारण पाणी जितकं गरम तितका क्षार जास्त बसतो. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर चढणारा पांढरा थर आपल्या ओळखीचाच आहे.

गोठणाऱ्या मुलखात हिवाळ्याआधी ब्लॉकमधलं सगळं पाणी काढावं लागतं, नाहीतर बर्फ ब्लॉक फोडतो. आपल्याकडे ती भीती नाही. आपल्याकडे गाळ आणि जलपर्णी. नळीवर गाळणी बसवायची आणि प्रत्येक फेरीनंतर ती उघडून हाताने साफ करायची, बोटांना चिखलाचा शेवटचा कण लागेनासा होईपर्यंत.