कुलाब्याच्या वहीतले सौर वादळ

पावसाळ्यात कुलाबा वेधशाळेचे नाव मुंबईकरांच्या तोंडी रोज असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर, हे आकडे आजही अनेकांना पाठ आहेत. सूर्याचा अभ्यास करणारे जगभरचे शास्त्रज्ञ मात्र, ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारलेल्या या वेधशाळेला १८५९ सालच्या एका चुंबकीय नोंदीमुळे ओळखतात.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नियमित मोजणी कुलाब्याला १८४० च्या दशकात सुरू झाली. क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक मोजण्यासाठी एक चुंबकपट्टी दोन समांतर धाग्यांवर टांगलेली असे आणि धाग्यांना पीळ देऊन ती उत्तर-दक्षिण दिशेशी काटकोनात रोखून धरलेली असे. क्षेत्र किंचित दुबळे झाले की पिळाचा जोर वरचढ ठरे आणि पट्टी केसभर वळे. हे वळणे निरीक्षक अंतरावर बसून दुर्बिणीतून मापपट्टीवर वाचत आणि आकडा वहीत लिहून ठेवत. एरवी वाचन तासातासाला घेतले जाई. चुंबक अस्वस्थ दिसला की दर पंधरा किंवा पाच मिनिटांनी. कंटाळवाणे म्हणावे असेच हे काम होते.

१ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास इंग्लंडमध्ये खगोलनिरीक्षक रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरील डागांचे चित्र काढत असताना त्यांना डागांच्या एका समूहावर डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश काही मिनिटे दिसला. मुंबईच्या तेव्हाच्या स्थानिक वेळेनुसार दुपारचे चार वाजून गेले होते. त्या स्फोटाबरोबर सूर्यापासून सुटलेला विद्युतभारित कणांचा ढग साडेसतरा तासांच्या आसपास पृथ्वीवर येऊन आदळला. असे ढग एरवी दोन-तीन दिवस घेतात, हे लक्षात घेतले तर या ढगाच्या वेगाची कल्पना येते. ढग पोहोचला आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ढवळणारे वादळ उठले, तेव्हा मुंबईत २ सप्टेंबरची सकाळ होती. क्यूबासारख्या दक्षिणेकडच्या प्रदेशातही त्या वादळात ध्रुवीय प्रकाश दिसला आणि अमेरिकेत तारयंत्रे बॅटरी काढून टाकल्यावरही केवळ तारांमध्ये उपजलेल्या प्रवाहावर चालली. भाद्रपदातल्या त्या लख्ख दिवसाउजेडी मुंबईकरांना आकाशात काही दिसणे शक्यच नव्हते, पण कुलाब्याच्या निरीक्षकांना मापपट्टीवरचा आकडा झरझर खाली येताना दिसला आणि त्यांनी तो टिपला. दुपार होण्याआधीच क्षितिजसमांतर क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक), म्हणजे त्याच्या नेहमीच्या मूल्याच्या ४ टक्क्यांच्या आसपास, घटले होते. मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांताची वीज ज्या वादळाने घालवली, त्याची जागतिक तीव्रता, म्हणजे अनेक वेधशाळांमधल्या घटीची सरासरी, ५८९ नॅनोटेस्ला मोजली गेली होती.

क्षेत्र का घटते? वादळात पृथ्वीभोवती, विषुववृत्ताच्या वर हजारो किलोमीटरवर, विद्युतभारित कणांचे एक कडे फिरू लागते. या कड्यातून पश्चिमेकडे वाहणाऱ्या प्रवाहाचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेला असते. ध्रुवांजवळच्या वेधशाळांमध्ये हा परिणाम तिथल्या स्थानिक प्रवाहांच्या गोंधळात हरवतो; मुंबईसारख्या कमी अक्षांशावर तो बराच स्वच्छ उमटतो. शिवाय लंडनजवळच्या वेधशाळांमध्ये फोटोच्या कागदावर आपोआप उमटणारी रेषा त्या दिवशी कागदाबाहेर गेली. डोळ्यांनी वाचणाऱ्या कुलाब्याला ती अडचण आली नाही. नव्या यंत्रावर जुन्या पद्धतीने केलेली ही कुरघोडीच म्हणायची.

या नोंदीचे खरे महत्त्व २००३ मध्ये पुढे आले. ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना व शोभना ॲलेक्स यांनी कुलाब्याचे आकडे आधार धरून कॅरिंग्टन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वादळाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्याची तीव्रता सुमारे १,७६० नॅनोटेस्ला ठरवली. इतर संशोधकांनी त्याच आकड्यांची ताशी सरासरी काढून तीव्रता बरीच कमी, हजाराच्या आसपास किंवा त्याहून खाली असल्याचे मांडले. तो वाद आजही मिटलेला नाही, आणि माझ्या मते तो मिटण्याची घाई नाही, कारण दोन्ही बाजू त्याच वहीतल्या त्याच आकड्यांवर भांडत आहेत.

या मोजण्या कुलाब्यात आता होत नाहीत. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईत विजेच्या ट्रामची योजना आली, तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांना धोका कळला. ट्रामच्या विद्युतप्रवाहाचा काही भाग जमिनीत झिरपतो आणि त्याचे क्षेत्र नाजूक चुंबकांना नाचवते. त्यांनी १९०४ मध्ये मोजणीची सोय अलिबागला उभारली. जवळचा काळा पाषाण तिथे उपयोगाचा नव्हता, कारण आपल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे या काळ्या पाषाणात, मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते आणि तो स्वतःच चुंबकीय असतो. म्हणून पोरबंदरचा दगड वापरला आणि लोखंडाऐवजी तांबे-पितळ. नंतर दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी वाचने घेऊन अलिबागच्या मोजणीचे कुलाब्याशी नाते पक्के केले गेले. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली आणि १९६४ मध्ये बंदही झाली, पण तोवर १९२५ पासून विजेच्या लोकल सुरू झालेल्या असल्यामुळे चुंबकांनी कुलाब्याला परतण्याचा प्रश्नच उरला नव्हता.