माण तालुका : हवामान

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील या तालुक्याचे (मुख्य ठिकाण दहिवडी) हवामान उष्ण, कोरडे व अवर्षणप्रवण आहे. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी 5,500 मिमी.च्या आसपास वा त्याहून अधिक पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत शंभर किमी.च्या आत असलेल्या दहिवडीकडे तो साधारणतः 500 मिमी. किंवा त्याहूनही कमी भरतो.

सह्याद्रीची पर्जन्यछाया हे याचे सर्वमान्य कारण. घाटमाथ्यावर बाष्प सांडून उतरणारे नैर्ऋत्य वारे तापतात व त्यांची सापेक्ष आर्द्रता घटते. म्हणून जून-जुलैत आभाळ भरलेले, वारा जोराचा, पण पाऊस भुरभुरच. पेरलेल्या बाजरीची वरच्या थरातील ओल हा वारा उडवून नेतो. मात्र सप्टेंबरमध्ये पावसाला जो जोर येतो तो पर्जन्यछायेने उलगडत नाही. मोसमी वारे मंदावल्यावर तापलेल्या जमिनीवर दुपारनंतर गडगडाटी ढग वाढतात, शिवाय बंगालच्या उपसागरातील न्यूनदाबाची क्षेत्रे पश्चिमेकडे सरकल्यास त्यांचे बाष्प येथवर पोहोचते. उत्तरा व हस्त नक्षत्रांचा हा पाऊस विखुरलेला असतो. एका शिवारात ओढे वाहतात, शेजारी धूळ उडते. त्यामुळे तालुक्याच्या सरासरीपेक्षा महसूल मंडलनिहाय (काही गावांच्या गटाची) नोंद अधिक भरवशाची. चोवीस तासांत 2.5 मिमी. किंवा अधिक पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरतात.

रब्बी ज्वारीचे सारे गणित या पावसावर बसते. पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, हेक्टरी सुमारे 10 किलो बियाणे, ओळींत 45 सेंमी. अंतर. फार आधी पेरल्यास खोडमाशी पोंगे (रोपांचे कोवळे शेंडे) मारते. उशीर झाल्यास कणसे भरताना ओल संपते. खोल काळ्या जमिनीत ‘मालदांडी’ हा ज्वारीचा वाण साठलेल्या ओलीवर निघतो, मुरमाड माळावर तो फसतो. हस्ताचा पाऊस लांबला तर डाळिंबावर तेल्या हा जिवाणूजन्य रोग पसरतो.

हिवाळा कोरडा व रात्री गार. ढगाळ हवा टिकल्यास ज्वारीवर मावा व चिकटा. मार्च ते मे कडक ऊन, अधूनमधून वळीव व गारपीट.

दुष्काळांत 1876–77, 1972, 2012–13 व 2018–19 ही वर्षे ठळक. दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेने 1396 पासून बारा वर्षे मानतात. ही बारा वर्षे सलग अवर्षणाची नसून त्याच्या दीर्घ परिणामांची असावीत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. 2012–13 व 2018–19 या दोन्ही दुष्काळांत टँकर व चारा छावण्या चालवाव्या लागल्या.